दोनशे टक्के

४ मार्च, दुपार
सुनेसाठी कारखान्यानं नवा मॉनिटर पाठवला. ती घरून कपड्यांचे पॅटर्न काढते: कॉलर, बाही, खिसा. उद्यापासून त्यावर बसणार. तोवर मी पत्त्यांचा एक डाव टाकला. पडदा दाराएवढा आणि अक्षरं मुंगीएवढी! राजा कोण, गुलाम कोण, कळेना. हॉस्टेलवर नातीला फोन केला. म्हणाली, आजी, डिस्प्लेमध्ये जा, स्केल शंभर असेल, दोनशे कर. केलं. राजाच्या मिशा दिसल्या. चौथी शिकलेल्या बाईनं केलं हे!
संध्याकाळी परत शंभर करायचं. नक्की.

५ मार्च
राहून गेलं. सून म्हणते, अक्षरं छान मोठी आहेत, पण माझ्या पॅटर्नच्या रेघा पुसट दिसतात. तिचा प्रोग्राम जुना. पत्ते मात्र लख्ख. म्हटलं, नवीन आहे, सवय होईल.

८ मार्च
सवय होत नाहीये. मुलगा तिला म्हणाला, बाकी सगळं स्वच्छ दिसतंय, म्हणजे तुझेच डोळे. हा इंजिनिअर!
उद्या गुपचूप शंभर करणार.

९ मार्च, दुपारी दोन
सून आडवी झाल्यावर केलं. खाली बारीक अक्षरात काहीतरी लिहून आलं. महत्त्वाचं असतं तर मोठं लिहिलं असतं. मिटवलं. तिचा प्रोग्राम उघडाच होता, ती तो किंवा कॉम्प्युटर कधी बंदच करत नाही. रेघा तशाच पुसट! म्हणजे माझा दोष नाही. जीव भांड्यात पडला. पुन्हा दोनशे केलं आणि तीन डाव जिंकले.

१३ मार्च
कॉलरची रेघ चुकली. कारखान्यात ढीगभर शर्टांच्या कॉलरी वाकड्या. मालकीणबाईंनी फोनवर सुनेला झाडलं. ती न्हाणीघरात नळ सोडून रडली. किती पाणी गेलं!
तिच्या डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवल्या. सासू म्हणून माझं काही चुकत नाही.

१६ मार्च
डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम. मला वाटलं, सुटले. पण सून आणखीच घाबरली. तिच्या आईची नजर चाळिशीतच गेली होती. सुरुवातीला तिलाही डॉक्टर उत्तमच म्हणाले होते म्हणे. भाकरी करता करता सून म्हणाली, आई, मी आंधळी झाले तर? म्हटलं, तवा बघ, करपतंय. दुसरं काय सांगणार?
माझी भाकरी ताटातच राहिली. पित्त असेल.

१७ मार्च
नातीला सहज विचारलं. म्हणाली, आजी, शंभर करून कॉम्प्युटर बंद करून परत चालू करायचा, नाहीतर जुने प्रोग्राम पुसटच राहतात. तेच लिहून येतं ना खाली?
उद्या सुनेला सगळं सांगायचं. ठरलं.

१८ मार्च
सांगणार होते, पण ती भाजी चिरत होती. हातात सुरी असलेल्या माणसाला असलं काही सांगू नये.

१९ मार्च
आज सुरी नव्हती. पण ती हसत होती. चार दिवसांनी हसली, कशाला विरजण घाला? न सांगता नुसतं बंद-चालू करावं म्हटलं, तर बटण पडद्याच्या मागे की टेबलाखाली, तेच सापडेना.

२१ मार्च
सुनेनं काम सोडलं. मालकीणबाईंना फोनवर म्हणाली, माझ्या नजरेचा भरवसा राहिला नाही. आवाज असा, की कुणी गेलंय घरातलं.
मग सांगितलं. उभ्या उभ्या, सगळं. पत्ते, दोनशे, बारीक अक्षरं. नातीचं नाव आधी घेतलं, मग मागे घेतलं.
तिनं शंभर केलं, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. रेघा सुईच्या टोकासारख्या. बराच वेळ बघत राहिली, एकदा हा डोळा झाकून, एकदा तो.
आता बोलेल म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. सात होती. तिनं फोन उचलला. मालकीणबाईंना म्हणाली, डोळे ठीक आहेत, माझ्याच हातून सेटिंग बिघडलं होतं. माझ्याच हातून! सोमवारपासून काम परत सुरू.

२२ मार्च
दुपारी मला हाक मारली. पत्त्यांपुरता पडदा मोठा कसा करायचा ते दाखवलं आणि आडवी झाली. बसले. पत्ते लख्ख. एक डाव लागेना.
अशी सून वैऱ्याच्याही नशिबी येऊ नये. धड भांडतसुद्धा नाही.