कोठार म्हटलेली खोली

विक्रोळी,
५ जानेवारी २०२६

ति. श्वेताताईस,
सप्रेम जयभीम.

दोन वर्षांनी लिहिते आहे. फोनवर आपण भांडतो, म्हणून कागद.

काल मुलुंडचा बंगला पाहून आले. आता तिथे संग्रहालय झालं आहे. डागडुजी चांगली आहे: भिंतींना पुन्हा चुन्याचा गिलावा, छपरावर मंगलोरी कौलं, जिन्याच्या सागवानी पायऱ्या न बदलता खालून आधार दिलेला. पश्चिमेला बावीस मजली इमारत झाल्यामुळे व्हरांड्यात चारनंतर ऊन येत नाही.

मागच्या खोलीवर ‘कोठार’ अशी पाटी आहे. आत तांब्याचे हंडे मांडलेत. आई बंगल्यात स्वयंपाक करायची तेव्हा आपण तिघी त्याच खोलीत अकरा वर्षं राहिलो. मी मोजली: नऊ फूट बाय अकरा. तिथल्या बाई म्हणाल्या, आणखी कुणी लेखी दिलं तर पाटी बदलू. आई नाही. उरलीस तू. सोबत मजकूर आहे, खाली सही कर.

प्रबुद्ध दाजींना जयभीम.

तुझी,
नीलम

चारकोप,
१२ जानेवारी

चि. नीलमला,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

कशी आहेस नाही, काय नाही, एकदम फूटपट्टी! बहिणीला लिहितेस की पालिकेला?

मी सही करणार नाही. सासरी मी एवढंच सांगितलं होतं, की आम्ही मुलुंडला बंगल्यात राहायचो. माझ्याच लग्नात, भर पंगतीत सासूबाई तेच कुणाला सांगत होत्या, तर तू त्यांना दुरुस्त केलंस, की बंगल्यात नव्हे, बंगल्याच्या मागे. खरं होतं गं. पण त्याच दिवशी? त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही, मीही नाही. आता कागदावर देऊन तो उकरू?

तिथे हंडे कधीच नव्हते. आपली लोखंडी ट्रंक होती. हे फक्त तुला सांगते.

वेळेवर जेवत जा.

ताई

विक्रोळी,
१८ जानेवारी

ति. ताईस,
जयभीम.

पाटीचं पुन्हा लिहिणार नाही. राहू दे, असं त्यांना कळवलं.

तुझ्या लग्नात मी चुकले. बोलले ते खरंच होतं, असं दोन वर्षं स्वतःला सांगत होते. तेवढं पुरत नाही.

मोजून झाल्यावर मला आठवेना, खिडकीबाहेरचं झाड शेवग्याचं होतं की बदामाचं. विचारायला तिथे कुणी नव्हतं. पाटी हे निमित्त. तू हवी होतीस.

वेळेवर जेवते.

नीलम

चारकोप,
१ फेब्रुवारी

चि. नीलमला,
आशीर्वाद.

शेवग्याचं.

तुझी पत्रं सासूबाईंना वाचून दाखवली आणि आज त्यांना घेऊन बंगल्यात गेले. बसमध्ये त्या खिडकीबाहेरच बघत बसल्या. मला वाटलं, वाट लागली. मागच्या खोलीत त्यांनी एकच विचारलं, की एवढ्याशा जागेत तिघी झोपायच्या कशा. मी हंडे सरकवले आणि साडीनिशी फरशीवर आडवी झाले. रखवालदार ओरडत आला. सासूबाईंनी त्यालाच दटावलं, की जरा थांब, माझी सून तिचं घर दाखवते आहे.

सही केली. रविवारी जेवायला ये, त्यांनीच बोलावलंय.

आई दाराशी असायची, मी भिंतीला. आजही मधली तुझी जागा सोडूनच आडवी झाले गं.

लोभ होता तेवढाच असू दे.

तुझी ताई