दहा लाख एकची अंगठी

कॉव्हेंट्री, रविवार

तीर्थस्वरूप मिलिंदकाकांना साष्टांग नमस्कार (बसूनच घालते आहे, कारण जमिनीवर आहेराच्या साड्या पसरल्या आहेत). तुमचा गुडघा कसा आहे? नंदाकाकूंच्या नजरेआड जिना चढू नका. इथे सगळं ठीक आहे असं लिहायचं होतं, पण खोटं लिहवत नाही.

साकेतचं म्हणणं पडलं, की लग्नाच्या अंगठ्यांत नावं नकोत, मोठी मूळ संख्या कोरू. जिला कशानेही भाग जात नाही अशी. (सध्या माहीत असलेली सर्वांत मोठी चार कोटींहून जास्त अंकांची आहे. माझं बोट तेवढं नाही.) मी दहा लाख तीन निवडली. हजारापर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने तिला भागून पाहिलं, आधी कॉम्प्युटरवर, मग कागदावर, कारण कॉम्प्युटरला तुम्ही शिकवलेलं नाही. शाळेत घालण्याआधी तुम्ही मला स्वयंपाकघरात बसवून तेरा शेंगदाणे द्यायचात आणि म्हणायचात, यांच्या समान ओळी लाव, एकच ओळ चालणार नाही, मग उठ. काकू चटणीसाठी दाणे मागेपर्यंत मी बसून असायचे. तेव्हापासून या बाबतीत मला थट्टा सोसत नाही.

आणि सोनाराकडून अंगठ्या आल्या त्या दहा लाख एक कोरून. नीनाकाकूंनी (म्हणजे साकेतच्या आईने) परस्पर फोन करून तीनाचा एक करून घेतला होता. "अगं, तीन तिगाडा काम बिगाडा. आहेर एकशे एकाचा करतात, एकशे तीनाचा कुणी करतं का?" काका, दहा लाख एकला भाग जातो. आणि कशाने जातो, तर एकशे एकानेच. एकशे एक गुणिले नऊ हजार नऊशे एक. पुन्हा पुन्हा करून पाहिलं, तेवढंच येतं.

शनिवारी लग्न. साकेतने भाषण लिहून ठेवलंय की आमच्या अंगठीतली संख्या जगात कुणाला तोडता येणार नाही. त्याआधी मला रजिस्ट्रारसमोर गंभीरपणे सांगायचं आहे, की या लग्नात कायदेशीर अडचण माझ्या माहितीत नाही. अडचण कायदेशीर नाही हे मला कळतं. पण माहितीत आहे ना. साकेतला सांगावं तर तो आईशी भांडेल, न सांगावं तर जन्मभर बोटात चूक घालून भांडी घासायची.

तुमची जेवण न जाणारी,
वरदा

ता. क. तेव्हा कृपा करून नीनाकाकूंना फोन करा आणि वधूपक्षाचे वडीलधारे म्हणून सांगा, की आमच्या घराण्यात तीन शुभ मानतात. (मानत नाहीत. ते पाप माझ्या माथी.)

पुन्हा ता. क. फोन करू नका. न राहवून साकेतला सांगितलं, तर तो हसत सुटला. "सो व्हॉट? दोनच फॅक्टर आहे ना, दोन्ही प्राइम. तू आणि मी. थर्ड कोणी नाय." काका, एकशे एक तर त्याच्या आईचा, म्हणजे तो त्याच घरातला. उरला नऊ हजार नऊशे एक. मी तपासलाय, पण तुम्हीही एकदा शेंगदाणे घेऊन बसा आणि त्याला भाग जात नाही एवढं शनिवारच्या आत कळवा. तो बहुधा मी आहे.