पिवळी खूण

भनपुरी, रायपूर
७ जुलै २०१४

ती. गं. भा. पद्मिनीआत्यास,
अनुश्रीचा शि. सा. न. वि. वि.

तुझे कान फोनला दाद देत नाहीत हे एका परीनं बरंच झालं. नाहीतर कालची हकीकत मी फोनवर दोन वाक्यांत उरकली असती आणि तू बिचारी हं हं करत बसली असतीस.

काल मोसमातली पहिली शर्यत झाली. मी चिखलात अशी लोळले की आर्वीच्या म्हशींनी मला आपल्यात घेतलं असतं. तू विचारलं होतंस की ही शर्यत असते तरी कशी. नया रायपूरकडे रस्ते झालेत पण माणसं अजून आली नाहीत, तिथल्या मोकळ्या रानात दोऱ्या बांधून वाट आखतात. त्या वाटेवर फेऱ्या मारायच्या. मध्ये आडव्या फळ्या ठोकलेल्या असतात. तिथं उतरायचं, सायकल खांद्यावर मारायची, पळायचं, पुन्हा बसायचं. याला सायक्लोक्रॉस म्हणतात. तू याला काय म्हणशील ते मला माहीत आहे, लिहू नकोस.

चिखलानं चाकं गच्च होतात, म्हणून प्रत्येकाच्या दोन सायकली असतात. एकीवर फेरी मारायची, ती टाकून दुसरी घ्यायची. तेवढ्यात पहिली धुऊन तयार ठेवणारा एक माणूस लागतो. माझा माणूस म्हणजे आपले बाबा.

बाबांचा उभा जन्म रेल्वेच्या वॅगन कारखान्यात गेला. वॅगन तपासली की तिच्यावर खडूची खूण करायची, खूण नाही तर वॅगन जागची हलायची नाही. तोच कायदा त्यांनी मला लावलाय. सायकल धुतात, पुढचं चाक काढून आतला चिखल खरवडतात, चाक बसवतात, नट आवळतात आणि सीटच्या मागे पिवळ्या मेणखडूनं बरोबरची खूण करतात. खूण दिसल्याशिवाय मी बसायचं नाही. नव्या सायकलींच्या चाकाला नुसती एक कळ असते, हातानं उघडते. बाबांनी ती पहिल्याच दिवशी काढून फेकली आणि नट बसवले. म्हणाले की जे पोट्ट्याच्या बोटानं उघडते, त्याच्या भरवशावर मी माह्या पोरीले नाही सोडत.

आता जे लिहायचं म्हणून पत्र घेतलं ते लिहिते. आत्या, बाबा विसरायला लागलेत. आई गेल्यानंतर थोडं होतंच, आपण दुःखावर ढकललं. मागच्या महिन्यात दूध आणायला गेले ते कारखान्याच्या फाटकाशी सापडले, पहारेकऱ्याला विचारत होते की माझं टोकन कुठं ठेवलं. डॉक्टर म्हणाले की हे वाढत जाणार, मागे फिरणार नाही. तेलीबांध्याला विकीचं सायकलचं दुकान आहे, शर्यती तोच भरवतो. तो म्हणतो की दीदी, अंकलजी को कुर्सी पे बिठाओ, पाना मुझे दे दो. मला ठरवता येत नाही. पाना बाबांच्या हातात राहू देऊ की काढून घेऊ? तू त्यांची मोठी बहीण, तू सांग.

आहे ती माया चिखलासकट चालवून घे.

तुझी
अनु

*

आर्वी
१९ जुलै २०१४

चि. अनुश्रीस,
आत्याचे अ. उ. आ.

पत्र वाचलं. आधी शर्यतीबद्दल. तुझ्या वयात मी चिखलात उतरत असे ती रोवणीला, आणि त्याचे निदान तांदूळ तरी येत. असो. फळीवरून उडी मारताना दात सांभाळ, अजून लग्नाचे फोटो काढायचेत.

आता यशवंताबद्दल. हा रोग मी ओळखते. आमच्या आईला तोच होता, तेव्हा आम्ही त्याला म्हातारचळ म्हणायचो. आई उन्हाळ्यात गव्हाच्या पिठाचे सरगुंडे काडीवर वळायची. सगळी आळी तिच्याकडून वळून न्यायची. मग मिठाचा अंदाज चुकायला लागला, एकदा दोनदा पीठ नासलं. आम्ही शहाण्या सुना-लेकींनी तिच्या हातची परात काढून घेतली, म्हटलं की बसा आता आरामात. ती बसली ती बसलीच. दिवाळीपर्यंत तिला माझं नाव येईना. रोगानं नेलं असतंच, पण परात होती तोवर ती आमची होती.

म्हणून सांगते, पाना काढू नकोस. ज्या दिवशी काढशील त्या दिवशी तुझा बाप घरात असून नसल्यासारखा होईल. त्याचे हात डोक्याच्या आधी विसरणार नाहीत. विकीला म्हणावं, तू आपलं दुकान सांभाळ.

तुझ्या बापाला माझे आशीर्वाद. तुझ्यावर जीव आहे, तो तसाच राहणार, निराळं काय मागू.

तुझी
आत्या

*

भनपुरी, रायपूर
१२ ऑगस्ट २०१४

ती. ताईस,
यशवंताचा सा. न. वि. वि.

तुझी राखी वेळेवर मिळाली. अनुनं हातावर बांधली. गोंडा मोठा आहे, पाणी लागून जड होते, पण काढली नाही.

पोट्टी पाचवी आली, मग तिसरी आली. सगळे तिचे पाय पाहतात. पाय आहेतच, पण ताई, शर्यत धुण्याच्या जागी जिंकली जाते. इथली काळी माती, जिला हे लोक कन्हार म्हणतात, ती फार वाईट. चाक आणि दांडीच्या मधात बसली की चाक फिरत नाही. वरून पाणी मारून निघत नाही. चाकच काढावं लागतं, दर फेरीला. बाकीचे लोक आळस करतात. मी काढतो. काढतो, खरवडतो, बसवतो, दोन्ही नट आवळतो, पाना फिरेनासा झाला की मग खूण. नोकरीत माझ्या खुणेची एक वॅगन परत आली नाही. विकी मला वर्कशॉपवाले अंकलजी म्हणतो. चांगला पोरगा आहे, फक्त हिंदी फार बोलतो.

अनु मोठी गुणाची निघाली. ऑफिस करते, घर करते, वरून हा खेळ. तिच्या डोळ्यात मात्र कसली तरी काळजी दिसते. विचारलं तर सांगत नाही. तू एकदा लिहून विचार.

शांता आतून चहासाठी हाका मारून राहिली, म्हणून इथंच थांबतो. तुझी राखी यंदा अजून आली नाही. पोस्टाचं काही खरं राहिलं नाही. वाट पाहतो.

धाकटा आहे म्हणून विसरू नको.

तुझा
यशवंत

*

भनपुरी, रायपूर
१५ सप्टेंबर २०१४

ती. आत्यास,
अनुश्रीचा शि. सा. न. वि. वि.

बाबांचं पत्र तुला मिळालं असेल. ते टपालात टाकण्याआधी मी वाचलं होतं. टाकू की नको असं झालं, मग टाकलं. आईच्या हाका त्यांना रोज येतात. मी आता चहा दोन कप ठेवते आणि एक ओतून देते.

पोळ्याच्या दिवशी त्यांनी मला शांता म्हटलं. मी ओ दिली. बरोबर केलं की चूक, मला माहीत नाही.

पण रविवार आला की वेगळेच होतात. पहाटे स्वतः उठतात, पाने मोजून पिशवीत भरतात, खिशात मेणखडू. मैदानावर त्यांना कुणाचं नाव आठवत नाही, पण हात झरझर चालतात. तुझं म्हणणं खरं ठरलं. मी गुणांत दुसरी आहे, शेवटची शर्यत अठ्ठावीस तारखेला. पहिली आहे ती भिलाईची कौमुदी, तिचा नवरा धुतो, आणि तो काही आपल्या बाबांइतका हुशार नाही.

एक गोष्ट मात्र झाली, ती तुलाच सांगते. दोन शर्यतींपूर्वी सायकल हातात घेताना मी बोटानं नट चाचपून पाहिला. घट्ट होता. पण बाबांनी पाहिलं. घरी आल्यावर जेवलेच नाहीत. रात्री एवढंच म्हणाले की खुणेवर हात फिरवायचा असेल तर खूण करून काय उपयोग, मग मला घरीच ठेव. मी त्यांच्या पायाला हात लावून सांगितलं की पुन्हा नाही पाहणार. सकाळी ते सगळं विसरले असतील, पण मी शब्द दिलाय. विकीनं हळूच बघतो म्हटलं, त्यालाही मी नको म्हटलं. मला भीती वाटते आत्या, उगीच का लपवू. पण त्यांच्याजवळ आता तेवढंच उरलंय आणि ते माझ्या हातानं मोडवत नाही.

आमच्या दोघांवर तुझी सावली असू दे.

तुझी
अनु

*

आर्वी
२४ सप्टेंबर २०१४

चि. अनुश्रीस,
आत्याचे अ. उ. आ.

तुझं पत्र आल्यापासून माझा डोळ्याला डोळा नाही. मी तुला आईच्या परातीची गोष्ट लिहिली. पण पोरी, सरगुंड्यात मीठ चुकलं तर खाणारा तोंड वाकडं करतो. चाक चुकलं तर काय होईल? मी म्हातारी परात आणि सायकल एकच समजून बसले.

माझं आधीचं सांगणं मी मागे घेते. पाना काढून घे. त्याला धुऊ दे, पुसू दे, खूणही करू दे, पण नट विकीनं आवळावा. यशवंत रुसला तर रुसू दे, उपाशी राहिला तर राहू दे. माझं नाव सांग, म्हणावं ताईनं हुकूम केलाय. लहानपणी तो माझ्या हुकुमाशिवाय बोर तोंडात टाकत नसे.

शेजारच्या श्यामरावांना आताच मोठ्या पोस्टात पाठवून पत्र टाकायला लावते. शर्यतीच्या आत तुझ्या हाती पडावं एवढीच देवाजवळ मागणी. पोचलं की कळव.

तुझी
आत्या

*

भनपुरी, रायपूर
९ ऑक्टोबर २०१४

ती. आत्यास,
शि. सा. न.

अक्षर डाव्या हाताचं आहे, लावून वाच. तुझं पत्र तीस तारखेला आलं. मी दवाखान्यात होते.

पाऊस सकाळपासून होता. कन्हार नुसती लोण्यासारखी झाली होती. शेवटून दुसऱ्या फेरीला मी सायकल बदलायला आले. विकी नंतर सांगत होता की बाबा पाना हातात धरून जरा वेळ त्या पान्याकडेच बघत उभे होते. मी ओरडत आले तसे दचकले. त्यांनी खूण केली. मी पाहिली, ताजी होती, पिवळीधमक. मी बसले.

पुढे तळ्याचा बांध आहे. बांधावरून सायकल उडते. खाली आली तेव्हा पुढचं चाक जागेवर नव्हतं.

जबडा तारेनं बांधलाय, पातळ पेज ओढते. तू म्हणायचीस तसे दात नाही सांभाळता आले. उजव्या कोपरात धातूच्या पट्ट्या बसवल्यात. बोटांना अजून काही कळत नाही, टाचणी टोचली तरी नाही. डॉक्टर म्हणतात की वाट पाहू. ते असं ज्या आवाजात म्हणतात तो आवाज मी बाबांच्या वेळी ऐकलाय. सायकल तर संपली. कीबोर्डवर हात चालेल का, ते ऑफिस विचारतंय.

माझ्याजवळ सगळ्यांच्या आधी बाबाच पळत आले होते. माझं डोकं मांडीवर घेऊन चिखलात बसले होते. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आले तेव्हा त्यांनी विचारलं की तुले कोणी मारलं. घरी आल्यावर दारामागे त्यांचा तोच शर्ट टांगलेला होता, चिखल वाळलेला. धुवायला टाकताना खिसा चाचपला, तर मेणखडूबरोबर एक नट निघाला. मी तो पाण्याच्या टाकीमागे टाकून दिला.

तू स्वतःला लावून घेऊ नकोस. शब्द मी दिला होता, तू नव्हे. मला राग कुणाचाच नाही, फक्त फार थकले. आता त्यांना कळलंय की मी सायकलवरून पडले, चाक निघालं. रोज विचारतात की चाक कोणी बांधलं होतं. रोज मी झोपेचं सोंग घेते. किती दिवस घेऊ?

जवळ घे.

अनु

*

भनपुरी, रायपूर
२६ ऑक्टोबर २०१४

ती. ताईस,
यशवंताचा सा. न. वि. वि.

भाऊबीज झाली, तू आली नाहीस. ओवाळणी इथं काढून ठेवली आहे.

कळवायला वाईट वाटते की अनु सायकलवरून पडली. हात मोडला, तोंडाला लागलं. पुढचं चाक निखळलं. ताई, चाक असं आपोआप निखळत नसते. नट आवळलेला नसला तरच निखळते. मी तिला विचारलं की कोणत्या गाढवानं चाक बांधलं, त्याचं नाव सांग. मी त्या विकीला धरणार होतो. मग म्हणाली की बाबा, मीच बांधलं, घाई होती, तुम्ही तिकडे पाणी आणायला गेले होते.

मी तिला फार बोललो. म्हटलं, मी उभा जन्म हेच शिकवलं काय, एका घडीची वाट पाहवली नाही काय, मेली असतीस म्हणजे? ती खाली मान घालून ऐकत राहिली. एकदा वर पाहिलं नाही. मग रडायला लागली, आणि बांधलेल्या तोंडानं रडता येत नाही, तेव्हा माझंच मन पाघळलं. म्हटलं, जाऊ दे बेटा. चूक माणसाच्याच हातून होते. पण कबूल करून घेतलं की यापुढे पान्याला ती हात लावणार नाही. बांधणार मी, आवळणार मी, आणि माझी खूण पाहिल्याशिवाय ती बसणार नाही. तिनं हव म्हटलं.

हात काय, भरून येईल. पुढचा पावसाळा आपलाच आहे. आज उन्हात बसून सगळे पाने पुसले, तेल लावलं. एक नट कमी भरतो, शोधून राहिलो.

तिच्या हाताचं प्लास्टरही मी तपासलं. कोपरापासून बोटापर्यंत ठोकून पाहिलं, काम पक्कं आहे. वर माझी पिवळी खूण करून दिली. आता भिण्याचं कारण नाही.

तुझ्या धाकट्यावर लक्ष असू दे, आणि माझ्या पोरीवरही.

तुझा
यशवंत