आमच्या समुद्रातला आगंतुक

६ एप्रिल, रविवार

धुळ्याहून परत. साडूच्या नव्या घराची वास्तुशांत होती. साडू म्हणजे मयुरीच्या थोरल्या बहिणीचा नवरा, योगराज. हॉलमध्ये फिश टँक ठेवलाय. गोल्डफिश. सगळे पाहुणे पूजा सोडून टँकपुढे. गोल्डफिश! नळाच्या पाण्यात जगणारा मासा. माझ्या मते ती भाजीच, फक्त पोहते. योगराज सगळ्यांना ऑक्सिजन लेव्हल समजावत होता. माणूस ट्रॅक्टरचे स्पेअर पार्ट विकतो.

पारोळ्यापर्यंत मयुरी त्याच टँकबद्दल बोलत होती. एरंडोलला मी ठरवलं, आपण समुद्रच आणायचा. खाऱ्या पाण्याचा टँक. अख्ख्या जळगावात कोणाकडे नसेल. आमच्या कॉलनीत तर नाहीच.

संकल्प : काम पूर्ण होईपर्यंत कोणाला बोलायचं नाही.

७ एप्रिल

योगराजला फोन करून सांगितलं. चुलतभावांना सांगितलं. कॉलनीतही सांगितलं. लोक विचारत होते (विचारलं असतं).

९ एप्रिल, बुधवार

मासेवाल्या आतिफच्या दुकानात. म्हणाला, साहेब, खारं पाणी खान्देशात अवघड, उन्हाळा सोसत नाही. मी त्याला शांतपणे माहिती दिली : फैजपूरला माझी केळी पिकवायची चेंबर आहेत, हिरवा माल मी निव्वळ तापमानाच्या जोरावर पिवळा करतो, तापमान मला कोणी शिकवू नये.

म्हणाला, "साहेब, केळं मेलं तरी विकता येतं."

उद्धट. पण दुसरं दुकान लांब आहे.

१९ एप्रिल, शनिवार

टँक बसला. पाण्यात खास मीठ घातलं. मयुरीने विचारलं, घरातलं चाललं नसतं का? उत्तर दिलं नाही. काही प्रश्नांना उत्तर दिलं की आपलीच पातळी खाली येते.

जागेचा थोडा घोळ झाला. हॉलची ती भिंत म्हणजे आबांचा दिवाण. आबा म्हणजे माझे वडील, रतिलालआबा. हिवाळ्यात आई गेली, मग मी त्यांना फैजपूरहून इकडे आणलं. तेव्हापासून दिवाणावर बसून समोरच्या भिंतीकडे बघत असतात. बोलत नाहीत. आवडती ज्वारी-उडदाची कळण्याची भाकर ताटात तशीच राहते. डॉक्टर म्हणतात, रिपोर्ट नॉर्मल आहेत. म्हणजे नॉर्मलच. दिवाण सरकवायचा म्हटलं तर उठले नाहीत. शेवटी टँक त्यांच्या पायथ्याशी ठेवला. आता निदान भिंतीऐवजी काहीतरी दिसेल.

२६ एप्रिल, शनिवार

मुंबईहून दगड आले. साधे नाहीत, लाइव्ह रॉक. छिद्राछिद्रांचे, अंगावर बारीक जीव असलेले. आतिफ म्हणाला, आधी वेगळ्या बादलीत ठेवा, नजर ठेवा, कधी कधी दगडासोबत कोणी येतं. म्हटलं, येऊ दे की, आमच्या घरी पाहुण्याला नाही म्हणत नाहीत. दुकानात सगळे हसले. माझ्या विनोदाला हसले.

दगड थेट टँकमध्ये.

२९ एप्रिल

मासे आले. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची क्लाऊनफिशची जोडी, एक निळा, एक लाल-पांढरी कोळंबी, काही शंखवाल्या गोगलगायी. फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. योगराजने अंगठा पाठवला. नुसता अंगठा. जळतोय.

२ मे, शुक्रवार

निळा मासा दिसत नाही. एका गोगलगायीच्या शंखाचे तुकडे वाळूत पडलेत. आबांनी चिवडा टाकला असावा. विचारलं. बऱ्याच दिवसांनी तोंड उघडलं त्यांनी : "त्या दगडात कोनी हाय."

दिवाळीत त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांनी भिंगं जरा जास्तच पॉवरफुल टाकलेली दिसतात.

अधूनमधून टँकमधून "टक" असा आवाज येतो. दगडातली हवा निघतेय. साधं शास्त्र आहे.

५ मे, सोमवार

कोळंबी गेली. नुसत्या मिशा उरल्या. मयुरीचा संशय फिल्टरवर, माझा बेबाबाईवर. बेबाबाई आमच्याकडे धुणी-भांडी-फरशी करते. टँकजवळ फिनेल वापरलंस का, असं सरळ विचारलं. म्हणाली, "भाऊ, मी तं तिकडे पाहत बी नाई, मले भेव वाटते." आणि रुसून घरी गेली. आता भांडी मयुरी घासते. भांड्यांच्या आवाजावरून तिचं माझ्याबद्दलचं मत कळतं.

९ मे

एक क्लाऊनफिश गायब. भर दुपारी लाइट गेली होती. मी ताबडतोब बर्फाच्या बाटल्या पाण्यात सोडल्या होत्या, तरी उपयोग झाला नाही. कारण उघड आहे : वीज. माझं तंत्र बरोबर, खातं नालायक. मयुरी म्हणाली, मेला तर मासा दिसायला हवा ना, तो कुठे गेला? बायकांना तपशिलात फार रस असतो.

बेबाबाई परत आली. मयुरी जाऊन घेऊन आली. माझ्या वतीने माफीही मागितली म्हणे. मी कोणाला अधिकार दिला नव्हता.

११ मे, रविवार

मोठी बातमी.

दुपारी आबांनी हाक मारली. "पेमराज, ये, हे पाय." इकडे आल्यापासून पहिल्यांदा मला नावाने हाक मारली. गेलो. त्यांनी केरसुणीच्या काडीला भाताचं शीत लावून ते दगडाच्या बिळापुढे धरलं होतं. बिळात दोन डोळे. देठावरचे. एक माझ्याकडे बघत होता, दुसरा आबांकडे. मग तो पुढे आला. बोटभर लांब. हिरवा, लाल, कडेला निळा, लग्नातल्या घोड्यासारखा सजलेला. शीत हुंगलं, नाकारलं, आणि काडीला असा फटका दिला की काडी आबांच्या हातून उडाली.

टक.

मयुरीने फोटो काढून फोनवर शोधलं. मॅन्टिस श्रिंप, कोळंबीचाच भाऊबंद. दगडात लपून येतो. पुढच्या पायांनी ठोसा मारून शंख फोडतो, मासे खातो. काही मोठे तर काचही फोडतात म्हणे.

आबा हसले. आवाज करून. मयुरी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसत होती, कारण समजलं नाही. मुख्य मुद्दा हा की शत्रू सापडला. मला पहिल्यापासून दगडाचाच संशय होता.

१३ मे

आतिफकडे. म्हणाला, दगड काढून गोड्या पाण्यात बुडवा, बाहेर येईल. नाहीतर साहेब, मलाच द्या, मी सांभाळतो. बघा! लोक माझ्या जिवावर दुकान सजवणार. नाही म्हटलं. सापळा विकत घेतला. तोंडाशी निमुळती नळी, आत जाता येतं, बाहेर येता येत नाही. आतिफने गॅरंटी दिली.

१४ मे

सापळ्यात उरलेला क्लाऊनफिश सापडला. सोडला. संध्याकाळपर्यंत तोही दिसेना. आतिफ म्हणतो, गॅरंटी सापळ्याची होती, प्राण्याची नव्हती.

१६ मे, शुक्रवार

आज दगड उचलून बादलीत टाकायचाच, असं ठरवून बाह्या सरसावल्या. आबा दिवाणावरून उठून टँकपुढे उभे राहिले. त्यांना काठीशिवाय उभं राहता येत नाही, अशी माझी समजूत होती.

म्हणाले, "त्याचं घर हाय ते. त्याले कुठी काढतो?"

मी समजावलं, आबा, तो माझे मासे खातो.

"त्याले कोनी इचारलं व्हतं का, जयगावले येतो का म्हनून? मले तरी तू कुठी इचारलं? आलास, गाडीत बसवलं, कुलूप लावलं."

हे विषयांतर झालं. मुद्दा प्राण्याचा होता, फैजपूरच्या घराचा नव्हता. आबांना मुद्द्यावर राहता येत नाही, वय झालंय. मी तसं सांगणारही होतो, पण मयुरीने माझ्या हातातली बादली काढून घेतली. ती दोघांपैकी कोणाच्या बाजूने आहे ते विचारलं नाही. ऑपरेशन तूर्त स्थगित. पाठीत उसणही भरली होती.

२० मे, मंगळवार

घरात अनाचार. आबा माळकरी. आमच्याकडे अंडंसुद्धा कधी आलं नाही. आज आबांनी बेबाबाईकडून बाजारातून झिंगे मागवले! मयुरीने बाल्कनीत वेगळी वाटी, वेगळी कात्री ठेवली. मी विरोध नोंदवला. आबा म्हणाले, "मी खातो का? त्याचं खानं हाय ते."

बेबाबाई सोलते, आबा काडीला लावतात, तो येऊन घेतो. तिघांचं गूळपीठ जमलंय. त्याचं नाव पहिलवान ठेवलंय. त्याचं झालं की आबा स्वतःचं ताट मागतात. आज अख्खी भाकर खाल्ली, वर ठेचा मागितला. डॉक्टरांचं टॉनिक लागू पडलेलं दिसतं. डॉक्टर मी निवडला होता.

२३ मे

योगराजचा फोन. रविवारी सहकुटुंब समुद्र बघायला येतोय. टँकमध्ये मासा एकही नाही. विचारांती धोरण ठरवलं : मासे कधी नव्हतेच असं दाखवायचं. हा प्रीडेटर टँक. एकच प्राणी, दुर्मीळ, मालकाला ओळखणारा. ग्रुपवरचा जुना फोटो काढून टाकायला गेलो. आता निघत नाही.

२५ मे, रविवार

डाव्या हाताने लिहितोय.

पाहुणे आले. आबांनी नवं धोतर नेसलं होतं. त्यांनी काडी धरली, पहिलवान बाहेर आला, टक, पोरांचा आरडाओरडा. योगराज जमिनीवर मांडी घालून बसला, "आबा, हाई तं भलतंच भारी शे!" आणि आबा बोलत सुटले. तो कधी झोपतो, कधी रुसतो, बिळाचं तोंड खड्यांनी कसं बुजवतो. आई गेल्यापासून एवढे शब्द त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. मला कोणी काही विचारलं नाही. आंबरस वाढायची वेळ आली तरी नाही.

शेवटी मला सांगावं लागलं की हा प्राणी मालकाला ओळखतो. आबा म्हणाले, "हात नको घालू, भो." मी गोगलगाय उजव्या हाताच्या चिमटीत धरून स्वतः दिली.

अंगठ्याचं नख गेलं. हाड शाबूत. पाण्याचा रंग बघून पोरांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना तो खेळाचाच भाग वाटला.

दवाखान्यात डॉक्टरांनी कारण विचारलं. कोळंबीने मारलं म्हटलं. त्यांनी दोनदा विचारलं, आणि दुसऱ्यांदा नर्सला बोलावून विचारलं. योगराजच गाडीने घेऊन गेला होता. जाताना-येताना गोल्डफिशचा शब्दही काढला नाही. इतका हलकट माणूस मी पाहिला नाही.

२९ मे, गुरुवार

आबांनी मला न विचारता आतिफला घरी बोलावलं. काच नको, जाड अॅक्रिलिकचा टँक हवा, आणि तो हॉलमध्ये नको, आबांच्या झोपायच्या खोलीत, असं सांगितलं. मयुरीने जागा मोजून दिली. मी म्हटलं, या घरात माझं मत विचारलं जातं की नाही? बेबाबाई म्हणाली, भाऊ, पाय उचला, फरशी पुसायची हाय.

१ जून, रविवार

टँक आबांच्या खोलीत हलला, मागोमाग दिवाणही. हॉलची भिंत रिकामी. एका अर्थी बरंच झालं, देखभालीतून माझी सुटका झाली आणि मला धंद्यात लक्ष घालता येईल. हा निर्णय माझाच होता, असं आतापासून सांगायला हरकत नाही.

दुपारी सहज बघायला गेलो. आबा म्हणाले, "दार वाजवून येत जाय, तो दचकतो."

म्हटलं, आबा, टँक माझा आहे.

"हाय ना. पन दार वाजव."

बाहेर आलो. दार लावून घेतलं. डाव्या हाताने वाजवलं.

आतून आबा म्हणाले, "थांब जरा, आमचं जेवन चालू हाय."

थांबलोय.