ब्रॉडवॉटरचं दुकान

१९ जानेवारी, रविवार

तिसरं गाव बाद!

दिसायला झकास — नदी, लोखंडी पूल, विटांची जुनी बँक. पण दुकान विकणारा माणूस दर वाक्यानंतर घसा साफ करत होता. मी वळलो तसा पोराला हळूच म्हणाला, छताचं काही बोलू नकोस. माझे कान तिखट आहेत हे त्याला काय माहीत! मस्कतला चोवीस वर्षं एसी आणि कोल्डरूम दुरुस्त केल्या. दाराबाहेर उभा राहून सांगायचो, कॉम्प्रेसर जाणार. माणसांचंही तसंच असतं. बिघाड आधी आवाजात येतो.

माझ्या बहिणीच्या, नीनाच्या, नवऱ्याचं, श्रीरामचं, तेच पालुपद — "जगन्नाथराव, कशाला खेडी धुंडाळताय? इथे अ‍ॅशबर्नला डेटा सेंटरवाल्यांना कूलिंगची माणसं हवीच आहेत. मी शब्द टाकतो."

शब्द टाकतो म्हणे! पंचावन्नाव्या वर्षी गळ्यात बिल्ला अडकवून दुसऱ्याच्या चिलरभोवती प्रदक्षिणा घालू? हेल्पर म्हणून पाना धरला तो एक दिवस स्वतःची पाटी लावायची म्हणून. मस्कतला लावली. इथेही लावणार. अ‍ॅशबर्नमध्ये ती परवडत नाही, खेड्यात परवडते. सरळ गोष्ट आहे.

नीनाने आम्हाला इकडे आणायचा अर्ज टाकला तेव्हा आमची लेक स्वानंदी जन्मलीही नव्हती. आता ती शाळेच्या शेवटच्या वर्षाला. ऑगस्टमध्ये कॉलेजला जाईल. मग उरलो मी आणि शैला. नीनाच्या बेसमेंटमध्ये जन्म काढायचा नाही.

शैलाला विचारलं, चौथं गाव बघू ना? "तुम्ही बघा," म्हणाली आणि कुकर लावायला वर गेली.

२१ जानेवारी

मागच्या गल्लीत रुपाली म्हणून एक बाई घरी पाळणाघर चालवते. शैला तिथे मदतीला जायला लागली. बरं झालं, वेळ जाईल तिचा.

२ फेब्रुवारी, रविवार

सापडलं!

ब्रॉडवॉटर. इथून अडीच तास. डोंगराच्या कुशीत, आजूबाजूला सफरचंदाच्या बागा आणि कोंबड्यांच्या लांबच लांब शेड. म्हणजे कोल्डरूमच कोल्डरूम. रेफ्रिजरेशनचं दुकान एकच, डेलचं. गडी सत्तरीचा, गुडघे गेलेत, मुलगा टेक्सासात. मला म्हणाला, मागच्या खोलीतलं मोठं युनिट खराब आहे, मी विसरलो तर तू आठवण कर, नाहीतर चांगलं म्हणून विकून बसेन तुला. असा माणूस मी मस्कतला शोधत होतो, सांगलीला शोधत होतो, आणि भेटला इथे!

वर्षभर लायसन्स त्याचं वापरायचं, काम मी करायचं, तोवर माझं होईल. दुकानामागेच घर. दोन खोल्या, मोठं स्वयंपाकघर.

नाश्त्याला गावातल्या हॉटेलात बसलो. मी हात धुवायला गेलो तेव्हा पलीकडच्या टेबलावर माझाच विषय. एक म्हणाला, हा कुठला? दुसरा — कुठलाही असू दे, माझा फ्रीझर ऑगस्टमध्ये बंद पडला तर रिचमंडहून माणूस येणार आहे का? मी परत आलो, सगळे गप्प. मी हसून राम राम केला, म्हणजे "मॉर्निंग" म्हटलं. तेही हसले. चालेल. याहून चांगलं स्वागत तर पाहुण्यांतसुद्धा होत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

घर घ्यायचं तर आधी शेजार बघायचा. आमच्याकडे हे कुणाला सांगावं लागत नाही. शैलाकडून बेसनाचे लाडू करून घेतले आणि गेलो. स्वानंदीने गाडीत बसेपर्यंत डोकं खाल्लं — "बाबा, प्लीज! यू कान्ट जस्ट वॉक अप टू पीपल्स हाउसेस! इथे असं कोणी करत नाही."

डावीकडचा शेजारी व्हर्नन. शेतकरी, एकटा, कुत्रा त्याच्याहून मोठा. दार अर्धंच उघडलं. काय विकतोयस?

म्हटलं, विकत नाही, विकत घेतोय. डेलचं घर. त्याआधी तुम्हाला बघायला आलो.

मला बघायला?

हो. आमच्यात घराआधी शेजारी बघतात.

माणूस इतका हसला की कुत्रा भुंकायला लागला! मग दार पूर्ण उघडलं. लाडू खाल्ला, दुसरा उचलला, म्हणाला, मग? पास की नापास? म्हटलं, साठ टक्के. कुत्र्यामुळे चाळीस गेले.

निघताना फाटकापर्यंत आला. बायकोने बघितलं का घर? म्हटलं, पुढच्या खेपेला आणतो. त्याने नुसती मान हलवली. कुत्र्याचे कान खाजवत राहिला.

डेलला सांगितलं तर तो खुर्चीतच पुढे सरकला — तू व्हर्ननच्या दारात गेलास? पायी?

१६ फेब्रुवारी, रविवार

आज शैला आपणहून म्हणाली, "अहो, मला गाडी शिकवा."

मी चहाचा कप खाली ठेवला. मस्कतला किती वेळा म्हटलं असेन, शिक. दर वेळी — कुठे जायचंय मला? दुकानाच्या वर घर, खाली उतरलं की वाणी. आणि आज स्वतःहून! खेड्यात गाडीवाचून पान हलत नाही, दुधालाही मैलभर जावं लागतं, हे तिच्या मनाने घेतलं म्हणायचं. तोंडाने हो म्हणायचा तिचा स्वभावच नाही. हे तिचं हो.

लर्नरची लेखी परीक्षा मागच्याच आठवड्यात दिली म्हणाली. रुपालीबरोबर जाऊन! मला पत्ता नाही.

संध्याकाळी डेटा सेंटरच्या मागच्या रस्त्यावर पहिला धडा. बिनखिडक्यांच्या लांबलचक इमारती, चिटपाखरू नाही. इतरांना तिथे शांत वाटतं. मला चिलर ऐकू येतात, एकसारखे, दात ठणकल्यासारखे. शैलाला विचारलं, ऐकू येतंय का? "तुम्ही गप्प बसलात तर मला इंजिन ऐकू येईल," म्हणाली.

१ मार्च, शनिवार

शैलाला ब्रॉडवॉटर दाखवून आणलं.

सगळं जमून आलं होतं. ऊन होतं, डोंगर निळा दिसत होता. उजवीकडची शेजारीण पेगीबाई घरी भाजलेला ‘अ‍ॅपल पाय’ घेऊन आली. शैला तिच्याशी बरी बोलली. व्हेरी नाइस, थँक्यू, हसली. डेलने तर तिच्यासाठी सिंक घासून ठेवलं होतं!

घरात गेल्यावर तिने स्वयंपाकघरातलं एकेक कपाट उघडून बघितलं आणि एकेक बंद केलं. मग खिडकीशी उभी राहिली.

"समोर काय आहे?"

"शेत."

"आणि त्याच्या पलीकडे?"

"व्हर्ननचं शेत."

"आणि त्याच्या पलीकडे?"

"अगं, डोंगर दिसतोय ना!"

"दिसतोय," म्हणाली.

परतताना गाणी लावली. तिने आवाज कमी केला. मी म्हटलं, दुकानाचे फोन तू घेत जा, तुझा आवाज गोड आहे. "फोन मस्कतलाही मीच घेत होते," एवढंच.

खरंच घेत होती. चोवीस वर्षं. दुकानातल्या पोरांचा चहा, जेवणाचे डबे, बिलांची बोंबाबोंब, सगळं वरच्या मजल्यावरून.

३ मार्च

घराबद्दल अजून चकार शब्द नाही. वाईटही बोलली नाही. नावडलं असतं तर बोलली असती. असती ना?

२३ मार्च, रविवार

हायवेवर नेली. हात घट्ट, मान ताठ, पण लेन सोडली नाही. मागून ट्रक आला तशी मीच ओरडलो. ती शांत. "तुम्ही मागच्या सीटवर बसता का? पुढे फार गडबड करता!"

मागे स्वानंदी खो खो हसली. "आई, यू आर अ नॅचरल. बाबा, चिल!"

मीही हसलो. बाई सत्तर मैलांच्या रस्त्यावर साठने आरामात चाललीय, आणि मी हातात दाराची कडी धरून!

३० मार्च, गुढीपाडवा

नीनाच्या डेकवर गुढी उभारली. काठी म्हणजे पडद्याचा रॉड, पण कडुलिंब खराखुरा, इंडियन दुकानातून आणलेला.

सगळे जमले तेव्हा सांगून टाकलं. काल सही केली. एक मेला दुकान आणि घर ताब्यात. श्रीरामने पाठ थोपटली — "धाडस आहे हं जगन्नाथराव!" कुणी पेढा भरवला. शैला आत श्रीखंड वाढत होती. तिला सही करून आल्याबरोबर सांगितलं होतं. "झाली का?" म्हणाली, आणि माझा शर्ट धुवायला मागितला.

नीनाने मला गॅरेजमध्ये गाठलं.

"दादा, वहिनीला विचारलंस?"

"विचारलं की. नाही असं काही म्हणाली नाही."

"हो म्हणाली?"

"ती कधी हो म्हणते गं? गाडी शिकतेय ती. कशासाठी?"

नीनाने माझ्याकडे असं बघितलं, लहानपणी मी तिचा पतंग काटला की बघायची तसं. "तू सगळ्या गावाला विचारून आलास, दादा. शेजाऱ्याला, हॉटेलवाल्याला, कुत्र्याला." आणि बर्फ घेऊन निघून गेली.

श्रीखंड गेलं नाही आज मला.

४ एप्रिल, शुक्रवार

पाऊस होता म्हणून शैलाला आणायला रुपालीकडे गेलो. बेल वाजवणार तोच आतून हसणं ऐकू आलं. पोटातून, श्वास अडकेपर्यंत, मध्येच "अरे थांबा रे, थांबा!" असं. वाटलं रुपालीकडे कोणी पाहुणी आलीय.

शैला होती.

काचेतून बघितलं. चार-पाच चिमुरडी तिच्या अंगावर चढलेली, एकाच्या तोंडाला वरणभात, एक तेलुगू पोरगी तिला 'शैलाआजी' म्हणून ओढतेय. रुपाली ओट्याशी उभी राहून तिला काहीतरी चिडवत होती आणि ही तिला तितक्याच जोरात उलट चिडवत होती.

माझ्या कानांची मी एवढी फुशारकी मारतो. हे हसणं ओळखायला मला काचेतून बघावं लागलं.

बेल वाजवली. दार उघडलं तोवर ती नेहमीची शैला. "एवढ्याशा पावसाला कशाला आलात?"

६ एप्रिल, रविवार

आज गाडीत विचारायचंच असं ठरवून बसलो. पाठांतरही केलं होतं — शैला, तुला तिथे यायचंय का, खरं सांग. तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "आरसा बघ."

"बघितला," म्हणाली.

१३ एप्रिल, रविवार

डेलचा फोन. जुनी पाटी उतरवलीय, नवीनवर काय लिहू? लोक मला तिथे जॅग म्हणतात. जॅग लिही म्हटलं. मग फोन ठेवला.

श्रीरामने परवा पुन्हा काढलं, ती नोकरी अजून रिकामी आहे. इथे राहिलो तर शैलाला रुपाली, ती पोरं, चालत जायचं अंतर. आणि मला बिल्ला. करार मोडला तर नुकसान आहे, पण जीव जाणार नाही. मग मी का विचारत नाही तिला? कारण ती राहू म्हणाली तर मला राहावं लागेल. हेच आहे. इथे तरी खरं लिहावं.

पण ती गाडी शिकतेय. रोज शिकतेय. मी नसलो तर नीनाची गाडी घेऊन, नीनाला शेजारी बसवून. ज्याला यायचं नाही तो एवढं कशाला करेल?

२१ एप्रिल

गुरुवारी परीक्षा. शैला देवापुढे उभी राहिली, मग पार्किंगचा सराव करायला गेली.

२४ एप्रिल, गुरुवार

पास झाली! पहिल्याच फटक्यात! परीक्षा घेणारी बाई मला येऊन सांगून गेली, तुमच्यापेक्षा सावकाश चालवत असतील त्या.

घरी गाडी तिनेच आणली. मी आज एकही सूचना दिली नाही. लाल सिग्नलला थांबलो तेव्हा समोर बघतच बोलली. "रुपालीकडची वरची खोली मी भाड्याने घेतेय. स्वानंदी कॉलेजला गेली की तिथे राहीन, तोवर नीनाकडेच. शुक्रवारी संध्याकाळी ब्रॉडवॉटरला येईन, सोमवारी सकाळी परत. बर्फ असेल तेव्हा तुम्ही या."

मी काही म्हणण्याआधी सिग्नल हिरवा झाला. तिने दोन्हीकडे बघितलं आणि गाडी काढली.