कंबरेची किंचित गैरसोय

तीर्थस्वरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (या वेळी तो खराखुरा घडला आहे. आठही अंगं फरशीला टेकली होती, फक्त उठवायला माणूस लागला.) तुमची तब्येत कशी आहे? मामींचा खोकला गेला का, की तुम्ही बोलायला लागलात की अजून नेमका तेव्हाच येतो? आम्ही सगळे मजेत. त्यातही मी रजेवर असल्यामुळे जास्तच मजेत, असं ऑफिसात म्हणतात. हे पत्र त्याच मजेबद्दल आहे.

माझी कंबर तुम्हाला ठाऊकच आहे. इतकी वर्षं नुसती कुरकुरायची, आता तिनं सरळ संपच पुकारलाय. डॉक्टर म्हणाले, उभे राहा, आडवे व्हा, चाला, पण बसू नका. आता मामा, बसण्याखेरीज मला दुसरं काही येत असतं तर पाणीखात्यानं मला नोकरीवर कशाला ठेवलं असतं? तेव्हापासून मी उभ्यानं जेवतो, उभ्यानं पेपर वाचतो. (हे पत्रही इस्त्रीच्या टेबलावर चाललंय. बायकोनं बजावलंय की शाई सांडायची तर स्वतःच्या अंगावर सांडा.) उरलेला वेळ बाहेरच्या खोलीत जमिनीवर. घरची मंडळी आधी वळसा घालून जायची, आता खुशाल ओलांडून जातात. परवा बेल वाजली तेव्हा बायको हातातल्या कपड्यांच्या घड्या माझ्या पोटावर ठेवून दार उघडायला गेली. "हलू नका हं," एवढंच म्हणाली. मी तरी कुठे हलणार होतो!

घात झाला तो चालण्यानं. डॉक्टरांच्या हुकमाप्रमाणे मी संध्याकाळी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतो. पाठ सरळ ठेवायची म्हणून छाती पुढे, मान ताठ. आमच्या ऑफिसातल्या टायपिस्ट बाईंनी मला तसं पाहिलं. (ऑफिसात मी वाकून चालतो, त्यामुळे आधी त्यांनी ओळखलंच नाही. मग ओळखलं, तिथेच सगळं बिघडलं.) दुसऱ्या दिवशी ऑफिसभर बोभाटा, की हा गडी ठणठणीत आहे, उलट थोडा उंच झालाय. लगेच साहेबांचा निरोप आला, भेटायला येतो. आमचे साहेब कुणाला उगाच भेटायला जात नाहीत. माझी रजा वाढवायची की सोमवारी मला पुन्हा खुर्चीवर बसवायचं, हे ते ठरवणार होते. आणि मामा, त्या खुर्चीवर दिवसभर बसलो तर संध्याकाळी मला घरी उचलूनच आणावं लागेल.

साहेब आले त्या दिवशी कंबर सकाळपासून नुसती पेटली होती. म्हटलं, बरंच झालं, आता काही पटवून द्यायला नको. त्यांनी खुर्ची माझ्या डोक्याशी ओढली आणि विचारलं, "बोला, कितपत दुखतंय?" आता माझं काम काय, तर लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहिणं. लोक लिहितात, नळाला आठवडाभर थेंब नाही, घरात बाळंतीण आहे. मी लिहितो, आपल्या भागात किंचित गैरसोय असल्याचे समजले, पुरवठा लवकरच सुरळीत होईल. हेच लिहून लिहून जिभेलाही तेच वळण लागलंय. कंबरेतून निघालेली कळ मस्तकात गेली आणि तोंडातून आलं, "किंचित गैरसोय आहे, साहेब. लवकरच सुरळीत होईल." वर हसलोसुद्धा! स्वयंपाकघरात बायकोनं कपाळावर हात मारून घेतला. साहेब मात्र खूश. आमच्या खात्याच्या या वाक्यावर विश्वास ठेवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला, आणि तो नेमका आमचाच साहेब निघाला. सोमवारी या म्हणून ते उठलेही होते, पण बायको मध्ये पडली. तिनं गुरुवारी पुन्हा येऊन बघायचं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं.

बाकी सर्व ठीक. काळजी नसावी. मामींना नमस्कार सांगावा.

तुमचा आडवा भाचा

ता. क. : काळजी नसावी हे सवयीनं लिहिलं गेलं. थोडी असावी.

ता. क. २ : खरं काम असं आहे. गुडघा धरला की तुम्ही जे कण्हता, ते ऐकून शेजारीपाजारी हातातलं काम टाकून धावत येतात. आपल्या नात्यागोत्यात तसं कण्हणं दुसऱ्या कुणाला साधलेलं नाही. मी आरशासमोर उभा राहून प्रयत्न करून पाहिला, पण शिंक अडकल्यासारखा आवाज येतो. तेव्हा बुधवारीच मुक्कामाला या. गुरुवारी साहेब आले की तुम्ही आतल्या खोलीत दाराआड बसून कण्हायचं, मी बाहेर नुसतं तोंड हलवीन. बायकोला बेत पसंत आहे. मामींना बरोबर आणू नका, मध्येच खोकल्या तर सगळं फुकट जाईल.

ता. क. ३ : तुम्ही म्हणाल, गाढवा, पण खरंच दुखतं का? दुखतं, मामा. फार दुखतं. तुम्हाला निदान लिहिता तरी आलं, साहेबांसमोर तेवढंही तोंडातून निघत नाही. म्हणून या, आणि माझ्या वाटचं जरा मोठ्यांदा कण्हा.