पाण्याची सूचना

ती. आईस,
तुझ्या धाकटीचा नमस्कार.

मी बरी आहे. खोलीत ऊन येतं, जेवण वेळेवर होतं. बाबांचा गुडघा कसा आहे?

नळाच्या पाण्यात शिसं आहे, हे लोकांना कसं सांगितलं तर नीट कळेल, ते शोधायला मी वस्तीतल्या बायकांशी बोलत होते ना? त्या म्हणाल्या, "सरळ सांगा, हे पाणी लेकरांना देऊ नका." मी तसंच लिहून दिलं. पाणी खात्यातल्या आमच्या सरांनी पाठ थोपटली.

काल दवाखान्याच्या भिंतीवर सूचना लागली: "पाण्याचा दर्जा सुधारत आहे." खाली माझं नाव. जाब विचारला, तर सर हसून म्हणाले, "लोक कशाने घाबरतात, ते तूच तर शोधलंस. आम्ही तेवढंच वगळलं."

आई, ज्यांना गुरू मानलं, त्यांनीच केसाने गळा कापला गं.

आज दारोदार जाऊन खरं काय ते सांगितलं. एकीने तोंडावर दार लावलं. दुसरी म्हणाली, "कालच्या तुझ्यावर विश्वास ठेवू, की आजच्या?" तिने माझ्याकडे न बघता बाळाची बाटली मोरीत रिकामी केली.

नोकरी बहुतेक जाईल. बाबांना एवढ्यात सांगू नकोस.

तुझीच,
धाकटी